कॉलेजच्या आधी बीजगणिताची उजळणी



दहावीचा निकाल लागला की आपल्या बेळगावातील मराठी माध्यमाची अनेक मुले पीयूसीच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेतात. पहिले दोन-तीन महिने त्यांना जड जातात. माझ्याकडे शिकलेली एक हुशार मुलगी पहिल्या चाचणीनंतर रडवेली होऊन आली आणि म्हणाली, "सर, मला इंग्रजी जमत नाही. मी शाखा बदलते." मी तिची उत्तरपत्रिका पाहिली. इंग्रजीमुळे गेलेले गुण थोडे होते. बाकीचे सगळे गुण वजा चिन्ह, कंस आणि काट देणे यांत गेले होते. म्हणजे चूक आठवी-नववीतली होती, ती अकरावीत उघडी पडली. महिनाभर रोज अर्धा तास तिने उजळणी केली आणि शाखा बदलण्याचा विषय मागे पडला. ती उजळणी कोणती, ते सर्वांसाठी येथे देतो.

समीकरण म्हणजे तराजू

कुंद्याचे सारख्या किमतीचे ३ डबे आणि ४० रुपयांचा चिवडा घेतला, बिल ५२० रुपये झाले. एका डब्याची किंमत क्ष मानू.

३क्ष + ४० = ५२०

आपण पाठ केलेले असते, "बाजू बदलली की चिन्ह बदलते." हा नियम अर्धवट लक्षात राहिला की घोटाळा होतो. ३क्ष = ४८० येथपर्यंत सर्वजण बरोबर येतात, पण पुढे काही जण क्ष = ४८० − ३ = ४७७ लिहितात. खरे पाहता बाजू कोणी बदलत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत आपण एकच क्रिया करतो. आधी दोन्हीकडून ४० वजा केले. मग डावीकडे ३ ने गुणलेले आहे म्हणून दोन्हीकडे ३ ने भागले. क्ष = १६०. पडताळा घ्या: १६० × ३ = ४८०, अधिक ४० म्हणजे ५२०. बरोबर.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाचा एक भाग 'बीजगणित' हाच आहे. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणजे 'जेवढे असेल तेवढे' असे नाव आहे. एकापेक्षा जास्त अज्ञात राशी असल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. आपण क्ष, य म्हणतो, कॉलेजात एक्स, वाय म्हणतात. अक्षर कोणतेही असो, अर्थ एकच: ही एक संख्या आहे, तिची किंमत अजून कळायची आहे.

कंसाआधीचे वजा

तुमच्याजवळ १०० रुपये आहेत. क्ष रुपये किमतीची वही ४ रुपये सूट मिळून घेतली. ८० रुपये उरले.

१०० − (क्ष − ४) = ८०

कंस सोडवताना पुष्कळ जण १०० − क्ष − ४ लिहितात आणि उत्तर १६ काढतात. आता पडताळा घ्या. १६ ची वही ४ रुपये सूट मिळून १२ ला पडली, तर ८८ उरायला हवेत. म्हणजे कुठेतरी चुकले. सूट मिळाली की खिशात जास्त पैसे राहतात, म्हणून ते ४ मिळवायचे: १०० − क्ष + ४ = ८०, क्ष = २४. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहून ठेवला आहे. येथे तोच लागू होतो.

बेरजेचा वर्ग

(अ + ब)² = अ² + ब² ही चूक तर सगळीकडे सापडते. १३ फूट बाजूच्या चौरस खोलीत एक-एक फुटाच्या फरश्या बसवा. १६९ लागतील. आता १३ म्हणजे १० + ३ धरा. १० चा वर्ग १००, ३ चा वर्ग ९, मिळून १०९ च झाले. ६० फरश्या कुठे गेल्या? मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंना १० × ३ च्या दोन पट्ट्या उरतात. त्याच २अब. वहीत एकदा आकृती काढा म्हणजे पुन्हा विसरणार नाही.

काट कशाला देता येते?

(क्ष + ६) / ६ यात वरखाली ६ दिसले की मुले काट देतात आणि उत्तर क्ष लिहितात. क्ष = १२ घेऊन पाहा: १८ / ६ = ३ येतात, १२ नाही. ६ ने सर्व अंशाला गुणलेले असेल, तरच काट देता येते. बेरजेतल्या पदाला नाही. म्हणजे अवयवाला काट चालते, पदाला चालत नाही. शंका आली की क्षच्या जागी एखादी संख्या ठेवून पाहण्याची सवय लावा. शिक्षक जवळ नसले तरी चूक आपली आपल्याला सापडते.

इंग्रजी शब्दांची धास्ती नको

गणितातले नेहमीचे इंग्रजी शब्द फार नाहीत. चल म्हणजे व्हेरिएबल, पद म्हणजे टर्म, सहगुणक म्हणजे कोएफिशंट, अवयव म्हणजे फॅक्टर, समीकरण म्हणजे इक्वेशन, वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमिअल, मूळ म्हणजे रूट. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून हे लिहा आणि नवा शब्द आला की त्यात भर घाला. मराठीतून समजलेली कल्पना इंग्रजीत वाया जात नाही, तिला फक्त दुसरे नाव मिळते.

सरावासाठी

१) ५क्ष − ७ = ३क्ष + ९
२) १२ − २(क्ष − ३) = ४
३) आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे. १० वर्षांनी ते दुप्पट होईल. दोघींची आजची वये किती?
४) क्ष² = ५क्ष. (दोन्ही बाजूंना क्षने भागू नका. तसे केल्यास एक उत्तर हरवते.)

उत्तरे: १) ८; २) ७; ३) मुलगी १०, आई ३०; ४) ० आणि ५.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी पहिल्या चाचणीत मागे पडली, तर लगेच "तुला विज्ञान झेपणार नाही" असे म्हणू नका. उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते तिलाच शोधायला सांगा. बहुतेक वेळा ती एका चिन्हाचीच निघते.