अकरा विजयांमागचा सांगोला

गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या या मतदारसंघाची ओळख बाहेरच्या जगाला बहुतेकदा एवढीच असते. त्यामुळे हा शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) बालेकिल्ला होता, उमेदवारी अर्ज भरला की निकाल ठरलेला, असा समज रूढ झाला. पण निकालांची पानं चाळली तर चित्र फार वेगळं दिसतं. गणपतरावांच्या, म्हणजे इथल्या आबासाहेबांच्या विरोधात मत देणारा सांगोलाही कायम मोठा होता, आणि दोनदा त्याने त्यांना घरी बसवलं.

1962 आणि 1967 च्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. 1972 मध्ये काँग्रेसच्या लाटेत काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांना हरवलं. पाठोपाठ महाराष्ट्राचं कंबरडं मोडणारा दुष्काळ आला. 1974 च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा विधानसभेत गेले आणि 1978, 1980, 1985, 1990 असे सलग निवडून आले. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून ते 192 मतांनी पडले. पुढे 1999 ते 2014 पुन्हा सलग चार विजय. देशातला विक्रम म्हणून याचा उल्लेख होतो, तो बरोबर नाही. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले. मला वाटतं, आबासाहेबांचं मोठेपण विक्रमात शोधूच नये. दोनदा पडूनही याच मतदारांनी त्यांना परत बोलावलं, हे कितीतरी दुर्मीळ आहे.

का बोलावलं? सोपं उत्तर जातीचं दिलं जातं. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजाचे. पण हा समाज 1972 मध्येही होता आणि 1995 मध्येही. एकट्या जातीवर निकाल लागत असता तर त्या दोन निवडणुका ते हरले नसते. जातीने त्यांना पाया दिला हे खरं. त्यावरची भिंत पाण्याने बांधली.

सांगोला माणदेशाच्या पट्ट्यातला, पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी शेपटाला पोहोचेपर्यंत वरचे तालुके आपला वाटा घेऊन मोकळे झालेले असतात. कृष्णेचं पाणी टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून उचलून इकडे आणायचं, तर त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. 1993 पासून आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत गणपतराव उभे राहिले. मागणी साधी होती: दुष्काळी तालुक्यांना कृष्णेच्या पाण्यातला न्याय्य वाटा. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते आणि 1999 नंतरच्या आघाडी सरकारातही. रोजगार हमीचं खातं त्यांनी सांभाळलं. दुष्काळी तालुक्यात हे खातं म्हणजे चूल पेटण्याचा प्रश्न. 1990 नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेने आणि थेंब थेंब जपणाऱ्या शेतकऱ्यांनी माळरानावर डाळिंब उभं केलं. ज्याच्या बागेला पाणी लागतं तो मतदार पक्षाआधी पाण्यासाठी भांडणारा माणूस पाहतो. राज्यात शेकाप आक्रसत गेला तरी सांगोल्यात टिकला, त्याचं कारण मला इथे दिसतं.

मात्र इथलं मत नुसतं पक्षाचं कधीच नव्हतं, ते गटाचं होतं. एक आबासाहेबांचा गट, दुसरा बापूंचा. शहाजीबापू काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, गट त्यांच्यासोबत गेला. तिसरा गट दीपक साळुंखेंचा. संख्येने लहान, पण काटा झुकवणारा. 2019 मध्ये वयोमानामुळे गणपतराव थांबले. आधी एक नाव जाहीर झालं, कार्यकर्ते नाराज झाले, शेवटी नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. साळुंखेंचं बळ त्या वेळी बापूंच्या बाजूला होतं. बापूंना 99,464 मतं, अनिकेत यांना 98,696. फरक 768. सगळ्या मतदारसंघातल्या बूथवर वाटून पाहिला तर बूथमागे पाच मतंही पडत नाहीत.

2021 मध्ये गणपतराव गेले. पुढच्या वर्षी शिवसेनेतल्या फुटीनंतर गुवाहाटीहून केलेल्या बापूंच्या व्हायरल झालेल्या फोनमुळे सांगोल्याचे आमदार घराघरांत पोहोचले. तालुक्यात मात्र त्या प्रसिद्धीचं मतात रूपांतर झालं नाही. 2024 मध्ये महाविकास आघाडीत जागेवरून बिनसलं. ठाकरेंच्या शिवसेनेने साळुंखेंना उमेदवारी दिली आणि शेकापने दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना उतरवलं. बाबासाहेबांना सुमारे 1 लाख 16 हजार मतं पडली, बापूंना जवळपास 91 हजार आणि साळुंखेंना सुमारे 51 हजार. राज्यभरात शेकापचा निवडून आलेला हा एकमेव आमदार.

पंचवीस हजारांचं मताधिक्य भरघोस दिसतं. पण शेजारी तिसरा आकडा ठेवला की हिशेब बदलतो. बापू आणि साळुंखे यांची मतं मिळून 1 लाख 41 हजारांवर जातात, म्हणजे विजेत्याहून पंचवीस हजारांनी जास्त. ही मतं 2019 सारखी पुन्हा एका पेटीत पडतील, की साळुंखेंचा गट 2014 पर्यंत उभा होता तसा देशमुखांच्या बाजूला जाईल, यावर सांगोल्याचा पुढचा आमदार ठरेल.