सगळंच मोझर नव्हतं

मुंबईतल्या एका लिलावाच्या यादीत परवा हिरव्या काचेची फुलदाणी पाहिली. सोनेरी वेलबुट्टी, उठावदार मीनाकारीत ओकची पानं, आणि खाली ठसठशीत नाव: मोझर. तळाचा फोटो नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, मोबाइलवर चित्र दाखवून नाव मिळवलंय. तीस वर्षांपूर्वी इतक्या कष्टाने सुटलेला गुंता आपण पुन्हा करून ठेवतोय.

लुडविग मोझरने 1857 मध्ये बोहेमियातल्या कार्ल्सबाडला, म्हणजे आजच्या कार्लोव्ही व्हारीला, काम सुरू केलं. तो मूळचा काचेवर कोरीवकाम करणारा. स्वतःची भट्टी त्याने उभारली ती 1893 मध्ये. तोवर कोरी काच तो इतर कारखान्यांकडून घ्यायचा. नोव्ही स्वेतचा हाराख कारखाना त्यांपैकीच एक. हा कारखाना निदान 1712 पासूनचा, आणि मीनाकारीतही तरबेज. मग दोन महायुद्धं झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने सरकारजमा झाले, सीमा बंद झाल्या. त्या वर्षांत पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांनी एक सोपी रीत पाडली: बिनसहीची, देखणी, उंची मीनाकारी दिसली की म्हणायचं मोझर. काचेचं ओकफळ चिकटवलेलं असलं, की मग विचारायलाच नको. त्या नावाला गिऱ्हाईक होतं. हाराखच्या कारागिरांचं श्रेय त्यांनी सरळ विकून खाल्लं, असंच मी म्हणेन.

नव्वदच्या दशकाने हे मोडलं. 1989 नंतर सीमा उघडल्या, कारखान्यांचे जुने नमुने आणि आकृत्या अभ्यासकांना सहज पाहता येऊ लागल्या. जर्मनीतल्या पासाउच्या काच संग्रहालयाने 1995 मध्ये बोहेमियन काचेवरचे जाडजूड खंड काढले. त्यांतली काही पानं झेरॉक्स होऊन मुंबईतल्या आम्हा काचेच्या शौकिनांपर्यंत आली आणि आम्ही ती चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर घेऊन हिंडू लागलो. फुलदाणी उलटी करायची, भिंग लावायचं. तळाला रंगाने लिहिलेला बारीकसा आकडा सजावटीचा असू शकतो. तो आकृतीशी जुळवायचा. आकार एकाचा आणि रंगकाम दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासायचे. काचेची पूड आणि धातूंचे रंग तेलात कालवून काढलेली नक्षी भट्टीत पक्की होते. तिचा थर कसा बसलाय, सोनं कुठे झिजलंय, हे बोटांना कळायला लागलं. हाराखची तीन पिसांची खूण सापडली, की दुकानदारही गल्ला सोडून पुढे यायचा. सायलेशियातल्या हेकर्ट कारखान्याची 'जोधपूर' नावाची मीनाकारी तर आम्ही हक्काने शोधायचो.

ती दुकानं आता कमी झाली, भिंग मागितलं तर लोक घड्याळ पाहतात. देशाचं नाव नाही म्हणजे काच 1891 च्या आधीची, हा अर्धवट नियम मात्र टिकून आहे. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर त्या वर्षापासून देशाचं नाव सक्तीचं झालं, हे खरं. पण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता आणि कागदी चिठ्ठ्या निघून जायच्या. पुरावा नसेल तिथे 'बोहेमिया, कारखाना अनिश्चित' असं छापायला काय हरकत आहे? नोव्ही बोर आणि कामेनित्स्की शेनोव्ह इथल्या रंगकाम करणाऱ्या कार्यशाळांचा बराच बिनसहीचा माल अजून ओळखायचा राहिलाय. त्यावर आज मोझर छापलं, तर उद्या त्यांचा शोध घ्यायला कोणी जाणारच नाही.