तेलगाळणी : एक की दोन?

शर्यतीच्या किंवा तशाच जोमदार मोटारीविषयी बोलणे निघाले, की ते बहुधा अश्वशक्ती, कार्ब्युरेटर आणि टायर यांच्यापाशीच घोटाळत राहते. परंतु केसाहूनही कितीतरी पातळ अशा ज्या तैलस्तरावर क्रँकशाफ्ट फिरत असतो, ते तेल स्वच्छ होऊन पुरेशा दाबाने बेअरिंगांपर्यंत पोहोचते की नाही, याची विचारपूस एखादे बेअरिंग निकामी झाल्याखेरीज सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेत १९६५ सालच्या ‘४२७ कोब्रा’ची प्रतिकृती हौसेने उभारणाऱ्या मंडळींपुढे मात्र हा प्रश्न गाडी बांधतानाच उभा राहतो : तेलाची गाळणी एंजिनापासून दूर न्यायची झाल्यास ती एक असावी की दोन?

मोटारीच्या तेलाला गाळणी हवी, हे आज स्वयंसिद्ध वाटत असले तरी ते सर्वमान्य व्हायला बराच काळ जावा लागला. कॅलिफोर्नियातील अर्नेस्ट स्वीटलंड यांची ‘प्युरोलेटर’ ही गाळणी १९२३ सालची, आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लरने ती आपल्या नव्या मोटारीत बसविली. तरीसुद्धा त्यानंतर तीस वर्षे लोटल्यावर, १९५५ साली शेव्हरोलेने जे २६५ घनइंची व्ही-८ एंजिन बाजारात आणले, त्याच्या ठोकळ्यात गाळणीसाठी जागाच ठेवलेली नव्हती. ती तजवीज दुसऱ्या वर्षी झाली.

कोब्रातील फोर्डचे ४२७ घनइंची एंजिन ‘एफई’ या कुळातले. त्याची गाळणी ठोकळ्याच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस असते. फोर्डच्या प्रशस्त सेडान गाड्यांत तिला तेथे कसलीच अडचण नव्हती. परंतु ब्रिटिश बांधणीच्या त्या आखूड, अरुंद स्पोर्ट्‌स गाडीत त्याच जागेवर एक्झॉस्टच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा आणि चौकट या तिघांचाही हक्क असल्यामुळे गाळणी कशीबशी मावली तरी ती फिरवून काढायला हात मावत नाही. सबब ठोकळ्यावर गाळणीच्या जागी दोन तोंडांची एक धातूची जोडतबकडी बसवितात, तेथून दोन होज काढतात आणि गाळणी हाताला येईल अशा ठिकाणी टांगतात. हे काही केवळ हौशी लोकांचे खूळ नव्हे. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये तेलाची टाकी मुळातच वेगळी असल्याने तिची गाळणीही कारखान्यातूनच एंजिनापासून दूर, टाकीजवळ बसून येत असे.

आता दोन गाळण्यांची बाजू. दोन गाळण्या समांतर जोडल्या, म्हणजे पंपाकडून आलेले तेल विभागून एकाच वेळी दोहोंतून जाऊ लागले, की प्रत्येकीच्या वाट्याला निम्माच प्रवाह येतो आणि गाळणकागदातून जाताना होणारी दाबाची घटही सुमारे निम्म्यावर येते. याचे महत्त्व बायपास व्हॉल्व्हपाशी कळते. गाळणीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबांतील अंतर ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच एंजिनात सोडतो, कारण बेअरिंगला तेलच न मिळण्यापेक्षा मळके तेल मिळालेले बरे. २०डब्ल्यू-५० जातीचे तेल ४० अंश सेल्सियसला १०० अंशांवरच्यापेक्षा आठ-नऊ पट दाट असते. थंडीतल्या सकाळी ते त्याहूनही कितीतरी दाट होते. अशा वेळी मोठ्या क्षमतेचा पंप आणि उतावीळ चालक यांची गाठ पडली, तर एकाकी गाळणीचा बायपास उघडणारच. दोन गाळण्या तो मिटलेला ठेवतात. हा लाभ खरा आहे, आणि मी तो मुळीच कमी लेखीत नाही.

मळ साठविण्याची क्षमता दुप्पट होते, हा दुसरा युक्तिवाद मला तितकासा पटत नाही. हौसेची गाडी वर्षाकाठी दोन-तीन हजार मैल चालते आणि हंगाम संपला की तेल व गाळणी बदलली जाते. त्या अवधीत एका थोराड गाळणीची क्षमताही पुरती वापरली जात नाही. काही जण दोन गाळण्या एकीमागून एक अशा जोडतात. तो प्रकार सर्वथा टाळावा. त्यात दाबाची घट निम्मी होण्याऐवजी दुप्पट होते.

परंतु या वादात ज्याचा विसर पडतो, तो भाग होजचा. बहुतेक एफई एंजिनांत दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह पंपातच, म्हणजे गाळणीच्या अलीकडे असतो. त्यामुळे तो ७० पौंडांवर उघडत असेल आणि होज, वळणे व गाळणी यांत १५ पौंड खर्ची पडत असतील, तर बेअरिंगांच्या खात्यात ५५ पौंडच जमा होतात. दाट तेल संथपणे वाहत असताना होजमधील रोध व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अर्धा इंच पोकळीचा होज काढून पाऊण इंचाचा घातला, तर हा रोध सुमारे एक-पंचमांश उरतो. दुसऱ्या गाळणीवर पैसे खर्च करून तिच्याकडे अर्ध्या इंचाचा लांबच लांब, काटकोनी वळणांचा होज नेणारा गृहस्थ एका हाताने कमावतो आणि दुसऱ्याने घालवितो.

धोक्याचा हिशेबही असाच तपासावा. गाळणी ठोकळ्यावर असताना तेल बाहेर पडायला एका रबरी कड्याचीच वाट असते. ती दूर नेताच होजची चार टोके आणि जोडतबकडीचा सांधा वाढतो. त्यानंतर एकाच ब्रॅकेटवर दुसरी गाळणी घेतली, तर भर पडते ती आणखी एका कड्याची. थोडक्यात, जोखमीची मोठी उडी गाळणी दूर नेताना पडते. मिनिटाला तीस लिटर तेल फिरवणाऱ्या एंजिनाचा होज निसटला, तर सात लिटर तेल पंधरा सेकंदांच्या आत रस्त्यावर येते.

होजची अदलाबदल तर याहून घातक. तेल गाळणीत शिरते ते कडेच्या छिद्रांतून आणि बाहेर पडते ते मधल्या आट्यांच्या भोकातून. उलट जोडणी झाली, की कडेची छिद्रे झाकणारी रबरी पाळ आतून घट्ट मिटते, आणि एंजिन चालू असूनही दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. म्हणून नवे एंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी पंप ड्रिलने फिरवून दाब चढतो याची खातरजमा करून घ्यावी.

जुनी गाळणी फेकण्याआधी कापून पाहण्याची सवयही तितकीच मोलाची. पत्र्याचे कवच कापावे, कागदाच्या घड्या सोडवून शिकंज्यात दाबाव्या आणि तेल निथळल्यावर त्या उन्हात धराव्या. करडी, चुंबकाला चिकटणारी धूळ थोडीफार असायचीच. तांबूस कण चमकू लागले, तर बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा तांब्याचा थर उघडा पडल्याचा तो इशारा समजावा. गाळण्या दोन असतील तेथे दोन्ही कापाव्या, कारण पुरावाही दोघींत विभागलेला असतो.

माझा कौल असा : मूळ जागी हात पोहोचत असेल तर गाळणी तेथून हलवूच नये, हलवावीच लागली, तर रस्त्यावरच्या गाडीला एक मोठी गाळणी आणि पाऊण इंची, शक्य तितका आखूड होज पुरेसा आहे, दोन गाळण्या असाव्यात त्या दाट तेल आणि मोठा पंप घेऊन तासन्‌तास शर्यतीत धावणाऱ्या गाडीला. तरीही ज्याला शंका असेल त्याने कोणाच्याही मतावर, माझ्याही, विसंबू नये. पंपानंतर लगेच एक आणि गाळणीकडून तेल परत येते तेथे दुसरा, असे दोन दाबमापक तात्पुरते बसवावेत, आणि एकदा थंड व एकदा पुरत्या तापलेल्या तेलावर दोहोंतील अंतर टिपून घेऊन मगच दुसरी गाळणी विकत घ्यावी.