एक तर सगळे, नाही तर काहीच नाही

शाळेच्या कार्यालयात नेहमी घडणारी एक साधी गोष्ट घेऊ. एका मुलीची तुकडी बदलते. 'अ' तुकडीच्या हजेरीपटावरून तिचे नाव कमी करायचे आणि 'ब' तुकडीच्या पटावर चढवायचे. पहिले काम झाले, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावले म्हणून लिपिक उठून गेले आणि दुसरे काम राहिले. आता ती मुलगी रोज शाळेत येते, पण कोणत्याच पटावर नाही. कामाचा क्रम उलटा केला असता, तर ती दोन्ही पटांवर दिसली असती. म्हणजे चूक कोणत्याही एका नोंदीत नाही, ती दोन नोंदींच्या मधल्या फटीत आहे.

संगणकात अशीच फट असते. मुख्याध्यापकांच्या हाकेचे काम तिथे वीज जाण्याने होते.

आमच्या प्रयोगशाळेत २४ ठिकाणचे तापमान दर सेकंदाला नोंदवणारी एक मांडणी होती. नोंदी साठवण्यासाठी आम्ही लेव्हलडीबी हा माहितीसाठा वापरत होतो. गूगलमधील जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी तो लिहिला आणि २०११ साली तो सर्वांना खुला झाला. त्याची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते आणि त्या किल्लीपुढे एक मूल्य. मूल्य ठेवा, वाचा किंवा पुसा, मुख्य कामे एवढीच. आमचा प्रोग्रॅम प्रत्येक फेरीत आधी फेरीचा क्रमांक लिही आणि मग एकेक करून २४ तापमाने. वळवाच्या पावसात एकदा वीज गेली, तेव्हा १४ तापमाने लिहून झाली होती. क्रमांक मात्र लिहिलेला होता, त्यामुळे फेरी पूर्ण झाली असे मानून सरासरी काढली गेली आणि न मिळालेली दहा मूल्ये शून्य धरली गेली. ३० अंशांची सरासरी त्या फेरीत १७.५ अंश झाली. दोन दिवस आम्ही संवेदक आणि जोडण्या तपासत होतो!

यावरचा उपाय लेव्हलडीबीत पहिल्यापासूनच होता, आम्हीच तो वापरला नव्हता. पंचवीस नोंदी पंचवीस वेळा न देता त्यांचा एक गठ्ठा बांधायचा आणि तो एकदम सुपूर्द करायचा. गठ्ठ्यातले सगळे लिहिले जाईल, नाही तर त्यातले काहीच नाही, अशी हमी मिळते. अशा लेखनाला 'आण्विक' म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षकांना इथे गंमत वाटेल. अणू फोडता येतो हे आपण केव्हाच शिकलो, पण संगणकवाल्यांनी 'न तुटणारा' हा त्याचा जुना ग्रीक अर्थच धरून ठेवला आहे.

पण ही हमी मिळते कशी? वीज तर गठ्ठा लिहितानाही जाऊ शकते. याचे उत्तर आपल्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीत सापडते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत क्रमाने उतरतो आणि मग तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. लेव्हलडीबीही आधी लॉग नावाच्या फाइलच्या शेवटी सगळा गठ्ठा एक नोंद म्हणून लिहितो. त्यानंतरच त्यातली मूल्ये आपापल्या जागी लावली जातात. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर सात बाइट असतात. चार पडताळा-संख्येचे, दोन लांबीचे आणि एक प्रकाराचा. पडताळा-संख्या ही पानाखाली मारलेल्या बेरजेसारखी असते. वीज परत आल्यावर लॉग पहिल्यापासून वाचला जातो आणि पडताळा जुळलेले गठ्ठे पुन्हा लागू होतात. शेवटचा गठ्ठा अर्धवट असेल तर त्याचा पडताळा जुळत नाही आणि तो सगळाच टाकून दिला जातो. वेडेवाकडे लिहिले गेलेले बाइट योगायोगाने जुळून जाण्याची शक्यता सुमारे ४३० कोटींत एक. गठ्ठा मोठा असला तर त्याचे 'पहिला', 'मधला', 'शेवटचा' असे तुकडे पाडतात. 'शेवटचा' तुकडा सापडला नाही की आधीचेही बाद.

दुसरा फायदा वेळेचा. नोंद खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचे ठरवले, तर मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर दर वेळी साधारण एका फेऱ्याइतके, म्हणजे ८.३ मिलिसेकंद तरी जातात. पंचवीस सुट्या नोंदींना दोनशेहून अधिक मिलिसेकंद लागतात. आमची मांडणी दर सेकंदाचा पाचवा हिस्सा त्या फटीतच उभी असे. वीज नेमकी तेव्हा गेली यात नशिबाचा दोष फारसा नव्हता. गठ्ठा केल्यावर तेच काम एका फेऱ्यात होते. अनेक जण एकाच वेळी लिहीत असतील, तर लेव्हलडीबी रांगेतल्या पहिल्याच्या गठ्ठ्यात मागच्यांचे गठ्ठेही जोडून घेतो. पोस्टात जाणाऱ्या एकाने शेजाऱ्यांचीही पत्रे न्यावीत, तसे.

मात्र डिस्कपर्यंत थांबायचे की नाही हे आपण सांगावे लागते. सांगितले नाही तर लेव्हलडीबी थांबत नाही. मग वीज गेल्यावर शेवटचे काही गठ्ठे हरवू शकतात. हरवतात ते पूर्ण गठ्ठे, अर्धे नव्हेत, हा फरक लक्षात घ्यावा.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती वर्गात करून दाखवता येते. फळ्यावर १० लिहा. दोन मुलांना पाठोपाठ ती संख्या वाचायला लावा, मग प्रत्येकाला तिच्यात एक मिळवून उत्तर फळ्यावर लिहायला सांगा. दोघेही ११ लिहितात, १२ कोणीच लिहीत नाही. प्रत्येकाचे लेखन पूर्ण आणि आण्विक होते, तरी एकाची भर हरवली. गठ्ठा फक्त लेखनाला बांधतो. आधी केलेले वाचन त्यात येत नाही. त्यासाठी कुलूप लावून एकालाच फळ्याजवळ येऊ द्यावे लागते, किंवा लिहिण्यापूर्वी मूळ आकडा बदलला तर नाही ना हे पाहावे लागते. फेसबुकने लेव्हलडीबीवरून तयार करून २०१३ साली खुल्या केलेल्या रॉक्सडीबीत पुढे या दोन्ही सोयी आल्या. आमच्याकडे लिहिणारा प्रोग्रॅम एकच होता, त्यामुळे गठ्ठ्यावरच भागले. मूल्य नसेल तर शून्य धरणारी ओळ मात्र आम्ही त्याच दिवशी काढून टाकली.