पोर बोलत नाही म्हणजे काय?

१९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दोन गोष्टी घडल्या. मे महिन्याच्या २३ तारखेला झरीला, म्हणजे आताच्या तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले आणि यापुढे वेठीला जायचे नाही असे ठरवून उठले. डिसेंबरात डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पहिली गोष्ट किसान सभेच्या लाल बावट्याखालची, दुसरी माँटेसरीच्या वाटेने भावनगरहून फिरून आलेली. इतिहास लिहिणारे या दोन्ही एका पानावर सहसा आणत नाहीत. पण अडलेला प्रश्न दोन्हीकडे एकच होता. समोरचा माणूस गप्प आहे. मग त्याच्या मनात काय आहे? मुळात काही आहे का?

जमीनदारांकडे याचे उत्तर तयार होते: वारल्याला काही कळत नाही. हा समज टिकवायला भाषाही हाताशी होती. ‘लग्नगडी’ हा शब्दच पाहावा. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. शब्दात लग्न आहे, गडी आहे. कर्ज नाही आणि जबरदस्तीही नाही. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही व्यवस्था तपशीलवार मांडली. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

झरीच्या सभेनंतर दहा वर्षांनी ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन हार्वर्डला व्याख्याने देत होते. शब्द जगाचे वर्णन करतात तशी कामेही करतात, असे त्यांचे म्हणणे. ‘वचन देतो’ म्हणताच वचन दिले जाते. ते आधी मनात शिजून नंतर तोंडावाटे बाहेर पडले, असे धरायची गरज नाही. झरीचे ‘नाही’ याच जातीचे होते. वारल्याच्या मनात ते वर्षानुवर्षे दडून बसले होते आणि त्या दिवशी बाहेर आले, असे म्हणायला बरे वाटते. खरे तर एकट्याने मालकासमोर म्हटलेले ‘नाही’ म्हणजे पाठीवर चाबकाचे वळ, एवढाच त्याचा अर्थ होता. हजारोंनी मिळून म्हटले तेव्हा तो नकार झाला. त्याची किंमत ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात मोजावी लागली. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे चौघे मारले गेले.

शाळेतला प्रश्न याहून नाजूक होता, कारण तिथे कुणी शत्रू नव्हता.

मराठी अक्षरतक्ता भिंतीवर लावला की पहिलेच चित्र अननसाचे. पाड्यावरच्या पोराने अननस चाखणे दूरच, पाहिलेलाही नसे. गुरुजी छडीने चित्र दाखवून विचारणार, हे काय? पोर गप्प. पुन्हा विचारले तरी गप्प. वहीत शेरा पडतो: मंद. गंमत अशी की याच तक्त्याच्या मध्यावर ‘ण बाणाचा’ असतो. तिथे पोराला सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण बाणावर कुणी प्रश्न विचारत नाही. तिथवर पोहोचण्याआधीच ते गुरे राखायला निघून गेलेले असते.

‘मंद’ हा शेरा कशाविषयी असतो? पोराच्या आत ‘बुद्धी’ नावाची वस्तू आहे आणि ती कमी भरली, असे त्यात धरलेले असते. १९४९ साली गिल्बर्ट राइल यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये नेमके हेच धरणे चुकीचे ठरवले. त्यांचा पाहुणा ऑक्सफर्डची कॉलेजे, ग्रंथालये, मैदाने पाहतो आणि शेवटी विचारतो, हे सगळे पाहिले, पण विद्यापीठ कुठे आहे? ताराबाई-अनुताईंचे काम पुढे जिथे गेले त्या कोसबाडच्या टेकडीवर येणाऱ्याने बालवाडी पाहावी, गुराख्या पोरांची कुरणशाळा पाहावी आणि मग ‘यात शिक्षण कुठे ठेवले आहे’ असे विचारावे, तसेच ते. मनही कृतीमागच्या खोलीत बसलेला वेगळा मालक नव्हे. बेचकीचा नेम धरणे, हरवलेली गाय खुरांच्या मागावरून शोधणे, पाऊस येणार हे ओळखून गुरे आधीच वळवणे, ही सारी बुद्धीच. फक्त ती अननसाच्या चित्रापुढे दिसत नाही. राइल यांचे सगळेच पटावे असे नाही. मनातल्या मनात चालणाऱ्या गोष्टींना त्यांनी फार झटपट वाटेला लावले. पण ‘मंद’ या शेऱ्यापुरती त्यांची तक्रार बिनतोड आहे.

विटगेनस्टाइन यांची गोष्ट डहाणूला आणखी जवळची. ‘ट्रॅक्टॅटस’ लिहून झाल्यावर, तत्त्वज्ञानाचे सगळे प्रश्न मिटले अशा समजुतीने, हे गृहस्थ १९२० ते १९२६ या काळात ऑस्ट्रियातल्या डोंगराळ खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. ट्राटेनबाख हे त्यातले पहिले गाव. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी शुद्धलेखनाचा छोटा शब्दकोशही केला. तो १९२६ मध्ये छापला गेला. शिक्षक म्हणून ते भले नव्हते. मारकुटे होते आणि एका मुलाला मारल्याच्या प्रकरणानंतर त्यांनी नोकरी सोडली. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर, १९५३ साली, ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ निघाले. त्याची सुरुवातच मूल बोलायला कसे शिकते इथून होते. संत ऑगस्टीनने आपल्या बालपणाचे वर्णन केले आहे: मोठी माणसे वस्तूकडे बोट दाखवत, नाव घेत, आणि मी ते ओळखून घेई. यावर विटगेनस्टाइन यांचा आक्षेप असा की हे परमुलखात आलेल्या माणसाचे वर्णन झाले. त्याला एक भाषा आधीच येते, ही नवी तेवढी येत नाही. तान्ह्या मुलाचे तसे नसते. बोट दाखवणे म्हणजे काय, हेच त्याला अजून शिकायचे असते.

तान्ह्या मुलाबद्दल हा आक्षेप बरोबर आहे. पण सहा वर्षांचे वारली पोर मराठी शाळेत येते, तेव्हा ऑगस्टीनचे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. त्याला एक भाषा येतेच. तिच्यात ते भांडते, कोडी घालते, खोटे बोलते, आजीकडून धान्यदेवी कंसरीची गोष्ट ऐकते. शाळेने मात्र त्याला तान्हे धरले: भाषा नाही म्हणून विचार नाही, विचार नाही म्हणून मन रिकामे. डहाणू-तलासरीतल्या कित्येक पोरांची शाळा या गफलतीत सुटली.

ताराबाई आणि अनुताईंनी ती गफलत पुस्तकात नव्हे, जागेवर सोडवली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर न्यायची. घरापुढच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे शिक्षिकेनेच कुरणात जायचे; ती कुरणशाळा. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवरून चालले. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवली. शंख, शिंपल्या, बिया, पाने, काटक्या आणि खडे आले. अंगणात शिंपल्यांची रास पडली की मूल स्वतःहून मोठ्या वेगळ्या करते, लहान वेगळ्या करते, ओळी लावते. त्याच वेळी तोंडाने काहीतरी पुटपुटत असते, आपल्या बोलीत. शिक्षिकेला त्यातले निम्मे कळले नाही तरी एवढे दिसते, की वर्गवारी चालू आहे, मोजणी चालू आहे. मराठी शब्द मागाहून आला तरी चालतो.

पुढे १९७५ उजाडले. २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा इथल्या अंगणातला शब्द देशभर गेला. त्याच वर्षी अमेरिकेत दोन लिखाणे निघाली. जेरी फोडर यांनी ‘द लँग्वेज ऑफ थॉट’मध्ये ऑगस्टीनची बाजू घेतली: पहिली भाषा शिकायलाही आत आधी विचारांची एक भाषा लागते. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त पूर्वसंस्काराच्या जोरावर लहान मुलालाही शब्दशक्ती असते असे म्हटले होते, त्याची इथे आठवण होते. दुसरे लिखाण हिलरी पटनम यांचे. अर्थ डोक्यात नसतो, असे ते म्हणाले. स्वतः पटनम यांना एल्म आणि बीच ही दोन झाडे वेगळी ओळखता येत नसत, तरी ते शब्द ते बिनचूक वापरत; कारण ओळखणारे दुसरे कुणीतरी असतात. डहाणूच्या रानात हेद आणि कळंब यांचे तसेच आहे. दोन्ही शब्द गुरुजींना येतात. झाडे पोराला ओळखता येतात. मग या शब्दांचा अर्थ कुणाला येतो म्हणायचे?

आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा जन्म. पुढचे आयुष्य डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर गेले. लहानपणी आईचे छत्र हरपल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि काही वर्षे ते धुळीत चित्रे काढूनच मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शाळेच्या कसोटीने हे मूल सगळ्यांत मागे पडले असते. वारली चित्रे तोवर लग्नघरातल्या भिंतीवरचा चौक म्हणून सवासिनी काढत. आणि चौक ‘काढायचा’ नसतो, ‘लिहायचा’ असतो. म्हसे यांनी तो हात कागदावर आणला. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, आणि १५ मे २०१८ ला मृत्यू. शब्दाशिवाय विचार असतो का, या वादात दोन्ही पक्ष त्यांचा दाखला देऊ शकतील. ते बोलत नव्हते हे खरे, पण लिहीत होते.

वारली ही भाषा कुठे बसवावी हे मोठ्यांनाही ठरवता आलेले नाही. ग्रियर्सन यांनी १९०५ च्या खंडात ती मराठीच्या बोलींत घातली, जनगणनेच्या तक्त्यात ती भिलीखाली जाते. २०२० चे शैक्षणिक धोरण शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणते. पण मातृभाषा कोणती, याचे उत्तर वर्गात गेल्याखेरीज मिळत नाही. जूनमध्ये शाळा उघडतात. डहाणू-तलासरीत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाने पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर एकदा रानात जावे आणि दहा झाडांची नावे त्यांच्या तोंडून ऐकून वहीत लिहून घ्यावीत.