आंतड्यांतील सोबती

जंतु म्हटला कीं मनुष्य दचकतो. परंतु एशेरिशिया कोलाय नांवाचा जंतु बालपणापासून प्रत्येकाच्या आंतड्यांत वसत असतो. थिओडोर एशेरिश या वैद्यांनीं १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें. स्वस्थानीं तो बहुधा निरुपद्रवी असून 'के' जीवनसत्त्वही निर्माण करतो. त्याच्या कांहीं पोटजाती मात्र जुलाब लावतात. मूत्रमार्गांत शिरल्यास तो दाह उत्पन्न करतो.

पावसाळ्यांत कर्जत-भिसेगांवकडील एखाद्या विहिरींत वरचें पाणी उतरलें व त्यांत हा जंतु आढळला, तर मैला मिसळल्याची ती खूण समजावी. कारण त्याच वाटेनें पटकी व विषमज्वरही येतात. पाणी नितळ दिसलें तरी उकळूनच प्यावें.

मुलास जुलाब झाल्यास लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें आणि विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.