ऑइल इंजिनाचा पट्टा घरच्या घरी कसा बदलावा

कुही तालुक्यात आंभोऱ्याजवळ कन्हान नदी वैनगंगेस मिळते. नदी, नाला किंवा विहीर जवळ असूनही जेथे वीज पोचलेली नाही अथवा वेळेवर मिळत नाही, तेथे पाणी उपसण्यास ऑइल इंजिन हाच आधार असतो. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील दशकांत अशी इंजिने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली. एकाच बैठकीवर पंपास थेट जोडलेल्या इंजिनास पट्टा नसतो. परंतु मंद गतीच्या इंजिनाची शक्ती पंपापर्यंत नेण्याचे काम पट्टाच करतो. धान पोटरीत असताना किंवा मिरची फुलावर असताना पट्टा तुटला, तर दुरुस्तीत गेलेला प्रत्येक दिवस पिकास भोवतो. हे काम शेतकऱ्यास स्वतः करता येण्याजोगे आहे. त्यास बळ थोडे आणि माप फार लागते.

सैल पट्ट्याने होणारे नुकसान

मिनिटास ६५० फेरे करणाऱ्या इंजिनावर ५० सेंटीमीटर व्यासाची आणि पंपावर २२.५ सेंटीमीटर व्यासाची पुली असल्यास पंपास सुमारे १४४४ फेरे मिळतात. पट्टा घसरू लागला म्हणजे हे फेरे कमी होतात. सेंट्रिफ्युगल पंपाचा वेग १० टक्के घटला, तर पाणी उंच चढविण्याची त्याची शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. म्हणून इंजिन चालते, डिझेल जळते, पण बांधीत पाणी येत नाही. उलट पट्टा अति ताणल्यास बेअरिंगे तापतात व लवकर झिजतात.

माप घेणे

प्रथम इंधन बंद करून इंजिन थांबवावे, गतिचक्र पूर्ण स्थिर होऊ द्यावे आणि हँडल काढून ठेवावे. बैठकीत सरकण्याची सोय असल्यास इंजिन पंपाकडे सरकवून घ्यावे. नंतर न ताणणारी दोरी दोन्ही पुल्यांवरून फिरवून लांबी मोजावी. वरील पुल्यांच्या मध्यांत ३ मीटर अंतर असेल, तर ही लांबी सुमारे ७ मीटर १४ सेंटीमीटर भरते. इंजिन पक्क्या पायावर बसविलेले असल्यास ताणासाठी दर मीटरमागे सुमारे १ सेंटीमीटर लांबी कमी धरावी.

जोड देणे

पट्ट्याची दोन्ही टोके सुताराच्या गुण्याने आखून काटकोनात कापावीत. टोक तिरपे कापले गेल्यास पट्टा वाकडा धावतो व पुलीवरून उतरतो. चामड्याच्या वादीने शिवताना पुलीकडील बाजूचे टाके पट्ट्याच्या लांबीस समांतर असावेत. वादीची फुली बाहेरच्या बाजूस यावी.

बसविणे व पाहणी

दोन्ही पुल्या सारख्या रुंदीच्या असल्यास त्यांच्या कडांवरून दोरी ताणावी. दोरी चारही ठिकाणी टेकली म्हणजे पुल्या एका रेषेत आहेत असे समजावे. पट्ट्याची ओढणारी बाजू खाली व सैल बाजू वर राहील अशी मांडणी शक्य तेथे करावी. सैल बाजू वरून किंचित लोंबल्याने पट्टा पुलीस अधिक वेढतो आणि घसरत नाही. पट्ट्यास पीळ पडला तर पंप उलटा फिरेल. म्हणून पंपावरील बाणाची दिशा अवश्य पाहावी.

यानंतर इंधन बंद ठेवून, डीकाँप्रेशनचा खटका वर करून गतिचक्र हाताने सावकाश काही फेरे फिरवावे. पट्टा पुलीच्या मध्यावर राहत असेल तरच इंजिन सुरू करावे. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत ताणला जातो, तेव्हा इंजिन थांबवून तो पुन्हा आवळावा. रबरी पट्ट्यास तेल लागू देऊ नये. घसरण थांबविण्यासाठी राळ टाकण्याऐवजी ताण व रेष तपासावी.

काय करू नये

चालू इंजिनावर पट्टा चढवू किंवा उतरवू नये. हात जाण्यास क्षणही लागत नाही. धोतराचा सोगा, पदर व दुपट्टा आवरून घ्यावा. पट्ट्याभोवती लाकडी चौकट किंवा बांबूचे कुंपण करावे, म्हणजे मुले व गुरे दूर राहतील.

इंजिनाच्या आतील व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ साधणारी दातेरी चाके मात्र घरी उकलू नयेत. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांस कॅमशाफ्टचा एक फेरा हा मेळ तेथे खुणांवर जुळविलेला असतो. कित्येक मोटारगाड्यांत हेच काम दातेरी रबरी पट्टा करतो. तेथे एका दाताची चूकही इंजिनास बाधते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या विहिरीवर हे मोजमाप शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. मोजलेली लांबी पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावी आणि त्या मापाचा एक पट्टा घरी राखून ठेवावा. त्यामुळे ऐन पाळीच्या दिवशी पट्टा तुटला, तरी पाणी त्याच दिवशी सुरू करता येईल.